खर्चाचा अर्ज

मास्तर घटस्फोटाचा खटला जिंकले होते. निदान गाडी शिकायला येणाऱ्या पोरांना तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. बायकोचे आरोप कोर्टाने मानले नाहीत, तेव्हा वकिलाचा सगळा खर्च आता तिनेच द्यावा, असा अर्ज त्यांनी ठोकून दिला. तिचं एका खुर्चीचं पार्लर त्यापायी बंद पडलं असतं. पडू दे, असं मास्तरांना वाटत होतं. माणसाने इतकं हलकं व्हावं?

सुनावणीला ते म्हाताऱ्या आईलाही घेऊन आले. आपला विजय बघायला घरचं कुणी नको का!

न्यायाधीशबाई अर्जावरून मान वर करत म्हणाल्या, "घटस्फोटात जिंकला त्याला खर्च मिळालाच, असं नसतं. कुणाची ऐपत किती आणि खटला कुणी लांबवला, तेही मी बघते. तारखा तुम्हीच पुढे ढकलत होता. कारण काय, तर आई अंथरुणाला खिळलेली."

आई शेजारीच बसली होती, चांगली ठणठणीत. दर तारखेला बायकोला पार्लर बंद ठेवावं लागावं आणि शेवटी कंटाळून तिने हात टेकावेत, म्हणून मास्तरांनी ते आजारपण काढलं होतं. आईला त्याचा पत्ताही नव्हता.

"ह्याच का त्या?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आई उठली. तिने एकदा मुलाकडे बघितलं. "हो. फार आजारी होते मी."

सुनेचा वकील ताडकन उभा राहिला. सुनेने बाही ओढून त्याला खाली बसवलं. अशाच एका तारखेहून ती परतली, तेव्हा सासूबाई केस रंगवून घ्यायला पार्लरच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशीही ती काही बोलली नव्हती.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मॅडम, अर्ज मागे घेतो," ते कसेबसे म्हणाले. "आई आजारी नव्हती. मीच खोटं सांगितलं."

बायकोच्या वकिलाचा खर्च मास्तरांनीच द्यावा, असा हुकूम झाला. मग न्यायाधीशबाई आईकडे वळल्या. "आजी, या वयात कोर्टात खोटं बोलता?" सगळं कोर्ट बघत होतं. आई मान खाली घालून उभी होती.

बाहेर जिन्यावर मास्तर तिचा हात धरायला गेले. तिने तो झटकला.

"तुझी अब्रू जाऊ नये म्हणून खोटं बोलले रे," ती म्हणाली, "आणि तू चारचौघांत माझीच घालवलीस."