बंबाची पैज

पैज लागली ती नूर महंमदच्या गादीच्या दुकानासमोर, आणि लागली ती माझ्या तोंडामुळे.

एरंडोलच्या बाजारगल्लीत त्याचं दुकान आणि माझं मंडप-स्पीकरचं गोदाम भिंतीला भिंत लागून आहेत, पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्याला किती वेळा गंडवलं ते मलाही आठवत नाही. एकदा रिक्षात स्पीकर बांधून गावभर पुकारलं होतं, जुनी गादी आणा, नूर महंमदकडून नवी फुकट न्या. दुपारपर्यंत त्याच्या दारात सतरा गाद्या. चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी स्वतःच चहा सांगितला. असला माणूस.

त्या दिवशी विषय निघाला त्याच्या पोरीचा. अफिफा, बावीस वर्षांची, आर्ट्सला बारावी झालेली. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दुकानातल्या कापसाने पेट घेतला होता. बंब आला, पण आमची गल्ली अशी की स्कूटर वळवायची तर शेजाऱ्याच्या ओट्याला विचारावं लागतं. बंब तोंडाशीच थांबला. मग बंबावाल्यांनी पाइप ओढत आत आणला, आणि गल्लीतून त्या पाइपला पहिला हात लावला तो अफिफाने. बाकी आम्ही बठ्ठे मोबाइल काढून उभे, मी धरून. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात एकच, फायरचं ट्रेनिंग घ्यायचं. बाप म्हणायचा असलं काही आपल्याकडे नसतं, ते मुंबईवाल्यांचं, तू आपली रजईला टाके घाल.

मी म्हटलं, सरकारचं ट्रेनिंग कुठेतरी असणारच, पुढच्या बाजारापर्यंत शोधून दाखवतो. नूर महंमद हसला. म्हणाला, शोधलंस तर जिथं असेल तिथं पोरीला पाठवतो, सही करून. आणि नाही सापडलं तर काय, ते समोरच्या चहावाल्या उषाअक्कानं ठरवलं. कौतिकने, म्हणजे मी, भर आठवडे बाजारात डोक्यावर लाल बादली घालून, तोंडाने बंबाचा भोंगा वाजवत, बसस्टँडपासून धान्य बाजारापर्यंत पळायचं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. आम्ही हात मिळवले. आत रजईवर वाकलेल्या अफिफाची सुई थांबली होती, ते मला दारातून दिसलं, आणि खरं सांगतो, मला मजा वाटली. म्हटलं, आता हा डाव जिंकायचाच.

मला वाटलं होतं एका फोनचं काम आहे.

मोबाइलवर शोधलं तर ढीगभर सापडले. सहा महिन्यांचा कोर्स, वर्षाचा डिप्लोमा, शंभर टक्के नोकरीची हमी, हेल्मेट घातलेल्या पोराचा तोच फोटो प्रत्येक जाहिरातीत. जळगावच्या एका कार्यालयात फोन केला, ते म्हणाले आमच्याकडे नाही, धुळ्याला विचारा. धुळ्याने नाशिक सांगितलं. नाशिकला फोन वाजत राहिला, मग कोणीतरी उचलून म्हणालं साहेब जेवायला गेलेत. संध्याकाळी पाचलाही साहेब जेवतच होते.

तिसऱ्या दिवशी अफिफाला घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. एका जाहिरातीत पत्ता होता, मोबाइलच्या दुकानावर दुसरा मजला. बाहेर अॅम्ब्युलन्सचा भिंतभर फोटो. आत एक टाय लावलेले सर, सहा खुर्च्या आणि कोपऱ्यात आग विझवायचे दोन लाल सिलिंडर. सर म्हणाले फायर पण आहे, इमर्जन्सी मेडिकल पण आहे, दोन्ही एकत्र घेतलं तर सवलत. आधी दहावी-बारावीची ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा, फी मागाहून. मी सहज उठलो आणि एक सिलिंडर करंगळीने उचलला. रिकामा डबा. सरांना म्हटलं, पोरीला हा वरून पडला तरी लागणार नाही, चांगली सोय आहे. अफिफा हसली नाही. तिने शांतपणे विचारलं की तुमच्या सर्टिफिकेटला मान्यता कोणाची. सर म्हणाले प्रोसेस सुरू आहे. तिने फाइल छातीशी धरली आणि जिना उतरायला लागली.

खाली रस्त्याच्या कडेला एक अॅम्ब्युलन्स उभी होती, खरी. ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून केळी खात होता. तेरसिंग त्याचं नाव, सातपुड्याच्या पायथ्याचा गडी. आम्ही कुठून उतरलो ते त्याने पाहिलं होतं.

“ती जागा खोटी शे भाऊ,” तो म्हणाला. “खरं ट्रेनिंग सरकारनं शे. मना पुतण्या तठेच शिकना. फारम चालू शे, शुक्रवार लगून.”

त्याने पुतण्याला फोन लावून दिला. पुतण्याने सगळं सांगितलं, खरी वेबसाइट कुठली, उंची किती लागते, पळायला किती लावतात. अॅम्ब्युलन्सवर मदतीला बसायचा कोर्स वेगळा, त्याला बारावी सायन्स लागतं, म्हणजे ते दार बंद. पण फायरचं उघडं. अफिफाने ते सगळं वहीत उतरवून घेतलं. परतीच्या गाडीत पारोळा आल्यावर ती एकदम म्हणाली की उंची तिने भिंतीला टेकून मोजलीय, दोन बोटं जास्तच भरते.

गल्लीत मी वरात निघाल्यासारखा शिरलो. स्पीकर सुरू करून जाहीर केलं की नूर महंमद पैज हरला आहे, माझी बादली वाचली. उषाअक्काने चहा फुकट पाजला. नूर महंमद बराच वेळ पोरीची वही वाचत बसला. मग चष्मा काढून म्हणाला, जबान दिलीय, जा. शहजादी भाभी, म्हणजे अफिफाची आई, पडद्याआडून नाक ओढत होती.

गुरुवारी सकाळी आम्ही नेट कॅफेत फॉर्म भरायला बसलो. नाव भरलं, बापाचं नाव, पत्ता, उंची. मग जन्मतारीख. अफिफाने दहावीच्या सर्टिफिकेटवर बघून टाकली, एक जून. फॉर्म लाल झाला. वय जास्त. एक जुलैला तेवीस पूर्ण झालेली नकोत, आणि हिला कागदावर तेवीस पूर्ण होऊन एक महिना.

कॅफेच्या पोऱ्याला वाटलं टायपिंग चुकलं. पुन्हा टाकली. पुन्हा लाल.

“चाचा,” अफिफा म्हणाली, “अम्मी तर म्हणते मी फेब्रुवारीत झाले, पुढच्या वर्षीच्या. मग हा जून कुठून आला?”

मला माहीत होतं कुठून आला.

सतरा वर्षांपूर्वी नूर महंमद सुरतेला कामाला होता. शहजादी भाभी पोरीचं बोट धरून माझ्याकडे आली, म्हणाली भाऊ, हिचं शाळेत नाव घालून द्या. मी गेलो ऐटीत. झुलाल गुरुजी म्हणाले पोरगी पाचच वर्षांची आहे, सहा लागतात, पुढच्या वर्षी या. मी म्हटलं, गुरुजी, तुमच्या रजिस्टरात अर्धा वर्ग एक जूनला जन्मलाय, त्यात अजून एक, वर्ष मागचं टाका. आमच्याकडे एक जूनला अख्ख्या गल्लीचा वाढदिवस असतो, माझाही त्याच दिवशी. गुरुजी हसले आणि लिहिलं. पालक म्हणून सही मी केली. आठ महिने एका झटक्यात वाढवले आणि घरी येऊन सांगितलं की बघा, मास्तरला कसा गुंडाळला.

तिला मात्र मी कॅफेत म्हटलं, सरकारी कागद, बेटा, चूक असते त्यांची, मी बघतो.

आणि बघायला निघालो. माझ्यासारख्या माणसाला दार बंद म्हटलं की खिडकी दिसते. तडक झुलाल गुरुजींच्या घरी. गुरुजी आता रिटायर, कानाला मशीन. म्हणाले, दहावीच्या बोर्डाच्या कागदावर चढलंय ते आता, उतरवायचं तर वकील, कोर्ट, गॅझेट, वर्ष जाईल. जन्माचा दाखला? पोरगी सावद्याला आजीच्या घरात झाली, नोंद कोणी केलीच नव्हती. मग कोणी सांगितलं की जातीच्या दाखल्यावर वयाची सवलत मिळते. नूर महंमदला विचारलं, तो म्हणाला दाखल्यासाठी बापाचा जुना शाळेचा पुरावा मागतात आणि त्याचा बाप शाळेची पायरी चढलाच नव्हता. मी तहसीलच्या आवारात दोन एजंटांना बाजूला घेतलं. दोघांनी तारीख ऐकून हात जोडले. एक तर म्हणाला, कौतिकभाऊ, उद्या शुक्रवार आहे, मी माणूस आहे.

शुक्रवारी दुपारी ट्रेनिंगवाल्यांना फोन लागला. बाई चांगल्या होत्या. पूर्ण ऐकून घेतलं. मी रडका आवाज काढला, मग खरा हुंदका आला तो थांबेना. त्या म्हणाल्या, काका, मला समजतंय, पण बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आहे तेच आम्ही धरतो, माझ्या हातात काही नाही. असं म्हणूनही त्यांनी फोन ठेवला नाही, बिचाऱ्या थांबून राहिल्या. शेवटी मीच ठेवला.

पाच वाजता अफिफाने कॅफेत जाऊन पुन्हा एकदा भरून पाहिला. पोऱ्याने मला नंतर सांगितलं. सहाला फॉर्म बंद झाला.

बाजाराचा दिवस आला. मी गोदामाचं शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो, तर बाहेर हशा. वाकून पाहिलं तर नूर महंमद बसस्टँडकडे निघाला होता, हातात लाल बादली. मी धावत गाठला, विचारलं काय करतोस. म्हणाला, “तू म्हणालास सरकारचं ट्रेनिंग आहे, मी म्हणालो नाही. आहे. तू शोधलंस. नशीब पोरीचं फुटकं, त्याला तू काय करशील. पैज मी हरलो. पोरीला पाठवता येत नाही, तर बादली तरी घालतो.”

कापसाच्या धुरळ्याने त्याच्या छातीचा भाता झालाय, दहा पावलं भरभर चालला तरी खोकतो. तो पळणार होता. मागे अफिफा उभी होती, बापाचा इनहेलर मुठीत धरून.

“नूरभाई, तो जून मी लिहवलाय,” मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, तिथेच, कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून. शाळा, गुरुजी, सही. बोलताना मध्ये एकदा मला हसूही आलं, सवयीचं, ते गिळलं. अफिफा म्हणाली, “एकच महिना, चाचा?” तेवढंच. आणि वळून दुकानाकडे गेली.

नूर महंमदने बादली माझ्या हातात दिली.

“मग पळ, कौतिक.”

पंचवीस वर्षांत त्याने मला भाऊ जोडल्याशिवाय हाक मारली नव्हती.

बादली डोक्यावर घातली आणि बसस्टँडपासून सुरुवात केली. भोंगा माझा चांगला निघतो, घशातून वर चढवत न्यायचा आणि खाली सोडायचा. बाजार तुडुंब होता. मिरचीवाल्या, चपलांवाले, सावद्याच्या केळीच्या गाड्या, सगळे वळून बघायला लागले. पण बाजूला कोणी होईना. कौतिक आहे, आज काय नवीन काढलंय, म्हणून लोक उलटे जवळ यायचे, मोबाइल वर धरायचे. मी हाताने वाट करत, भोंगा वाजवत, माणसांच्या अंगावर आपटत पुढे सरकत होतो. उषाअक्का टाळ्या वाजवत होती, तिला अजून माहीत नव्हतं. पोटात टोचायला लागलं. आवाज चिरकला तशी लोकांना जास्तच मजा आली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर वाटच नव्हती. कोणीतरी लसणाची हातगाडी आडवी लावून ठेवली होती आणि मालक चहाला गेला होता. मी तिथे थांबलो, गुडघ्यावर हात टेकून. भोंगा थांबवायचा नाही अशी पैज होती, म्हणून तो तोंडातून कसातरी चालूच होता.

अफिफा दुकानातून उतरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. गाडीच्या चाकाखालचा दगड पायाने काढला, दांड्याला खांदा लावला आणि गाडी भिंतीला लागेपर्यंत ढकलली. मग हात झटकून, वाट मोकळी झाली का ते पाहत, ती कडेला उभी राहिली.

धान्य बाजार अजून लांब होता. मी पळालो.