पाण्याला भिणारा पाणबुड्या

हुइल्के गावात टाकीत जाऊन आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात : किती खोल गेला होतास, आणि कुठे. तिसरा प्रश्न कुणाला सुचतच नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातली ती लोखंडी टाकी आहेच मुळी पाणबुड्यांसाठी. खोलातून घाईने वर आलेल्याच्या अंगात बुडबुडे अडकले, की त्याला टाकीत कोंडतात, आतल्या हवेचा दाब वाढवतात आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवतात. गावातले निम्मे पुरुष तिथे जाऊन आलेत, आणि दोन घोट पोटात गेले की तेवढंच सांगत बसतात.

बेलार्मिनो ओयार्सो हा गावचा न्हावी. तो जन्मात गुडघाभर पाण्यापुढे गेला नव्हता. त्याचा आजार वेगळा, धास्तीचा. टेलिफोन वाजला की धास्ती, नाही वाजला की जास्त. वस्तरा धरला की हात लटपटत, म्हणून गाव केस त्याच्याकडे कापून घेई आणि दाढी गुपचूप घरी करी. लोक हसत. त्याला मात्र खरोखर फार सोसावं लागे.

त्यातून समोरच्या गल्लीतली ओर्फेलिना ग्वेन्तेओ. तिचा नवरा पाणबुड्या होता. सहा वर्षांपूर्वी खाली गेला तो वर आलाच नाही. ती कांदा-मांसाचं सारण भरून एम्पानादे तळून विकायची. बेलार्मिनो चार वर्षं रोज दोन घ्यायचा. ती विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?" तो म्हणायचा, "छान आहे." चार वर्षांच्या प्रेमात एवढंच बोलणं झालं होतं. आणि आता ती महिनाअखेरीच्या शनिवारी बोटीने दूर दक्षिणेतल्या पुंता अरेनास शहरी बहिणीकडे कायमची निघाली होती.

त्याआधी धास्ती जाऊन तिच्याशी बोलता यावं, म्हणून तो दवाखान्यात गेला. डॉक्टर रावानाल ही तरुण बाई स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, टाकीतल्या प्राणवायूने धास्ती कमी होते का, हे ती दहा जणांवर करून बघतेय. होतेच असं तिचं म्हणणं नाही. बेलार्मिनोला न होण्याची सवय होती. तो तयार झाला.

टाकीत तो रमला. अंगात सुती कपडे, खिशात काही नाही, केसांना तेल-पोमेड लावायला बंदी. कान दडपले की नाक धरून फुंकर मारायची. तासभर बाहेरून कुणी दार उघडू शकत नाही, म्हणजे वाईट बातमी घेऊन येऊही शकत नाही. सातव्या खेपेनंतर त्याने स्वतःची दाढी एकही ओरखडा न काढता केली. हे प्राणवायूने झालं की तासभराच्या निवांतपणाने, हे डॉक्टरीणबाईलाही सांगता येईना.

पण त्याला दवाखान्यातून निघताना बसच्या ड्रायव्हरने पाहिलं, आणि गावाने पुराव्यांची जुळवाजुळव केली. गालांवर मुखवट्याचे वळ. एरवी चापूनचोपून बसवलेले केस आताच समुद्रातून निघाल्यासारखे. उठता-बसता नाक धरून कानात फुंकर. वर शेजारणीने शपथेवर सांगितलं, की त्याच्या परसातून धपाधप आवाज येतात. तो गादीतली लोकर झोडपत होता. पण हुइल्केत धपाधप आवाजाचा एकच अर्थ. लोको नावाचे मुठीएवढे शंख असतात, त्यांचं मांस बदडल्याशिवाय मऊ होत नाही, आणि ते काढायला सध्या सरकारची बंदी होती. म्हणजे न्हावी चोरून लोको काढतो, आणि तेही कुठल्या तरी खोल, अजून कुणाला न सापडलेल्या जागेवरून.

पाणबुड्यांचा पुढारी सोफानोर चिग्वाय दाढीला येऊन बसला. असं आजवर घडलं नव्हतं.

"माएस्त्रो," कारागिराला म्हणतात तसं त्याने अदबीने म्हटलं, "किती खोल?"

मला नुसती धास्ती वाटते, हे या रेड्यासारख्या माणसाला सांगायचं कसं? बेलार्मिनो पुटपुटला, "फार नाही."

झालं. जिथे कमरेइतक्या पाण्यात गेलेला चाळीस मीटर सांगतो, तिथे "फार नाही" म्हणणारा काय चीज असेल! त्या दिवसापासून लोक आठवड्यातून दोनदा केस कापायला येऊ लागले. वस्तऱ्याखाली मान देत आणि हळूच डझनभर लोको मागत. खानावळीत त्याला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. खोटं कशाला बोलू, त्याला ते आवडलं. गप्प बसायचं तर होतं, आणि त्यात तो तरबेज होता.

फक्त ओर्फेलिनाने त्याला एम्पानादे देणं बंद केलं.

"एका पाणबुड्याची वाट बघून झाली माझी," ती फडक्याला हात पुसत म्हणाली. "दुसऱ्याची बघायची नाही."

बेलार्मिनो दुकानात येऊन खुर्चीत बसला. बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला : त्याने तर तिला काही विचारलंच नव्हतं. म्हणजे तिच्या मनात होतं. आणि ते त्याने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

शनिवारी अख्खा गाव तिला पोचवायला धक्क्यावर जमला. बोटीने भोंगा दिला. बेलार्मिनो गर्दीतून पुढे झाला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"मी पाणबुड्या नाही. मला धास्तीचा आजार आहे. टाकीत मी त्यासाठी जातो. मला टेलिफोनची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, रविवारची वाटते. आणि ओर्फेलिनाबाई, तुम्ही जाल याची सगळ्यात जास्त वाटते."

मग सोफानोर कौतुकाने मान हलवत शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, जागा सांगायची नाही म्हणून कुठल्या थराला जातो माणूस."

सगळे हसले. ओर्फेलिनाने बॅग उचलली. तिचाही विश्वास बसला नव्हता.

पुरावा एकच उरला होता. बेलार्मिनोने चष्मा काढून सोफानोरच्या हातात दिला आणि धक्क्यावरून उडी मारली.

इतकं वाईट कुणी बुडालेलं हुइल्केने पाहिलं नव्हतं. तो बटाट्याच्या पोत्यासारखा थेट खाली गेला, वर आला तो पाय आधी, ओरडायला तोंड उघडून निम्मा समुद्र प्यायला आणि परत गेला. शंकेला जागाच उरली नाही. सोफानोरने बुटांसकट उडी घेऊन त्याला कॉलर धरून ओढून काढलं, पालथा घालून पाणी काढलं, आणि ते काढता काढता कानाशी लागला : "माएस्त्रो, त्या टाकीने धास्ती खरंच जाते? माझ्या एका ओळखीच्यासाठी विचारतोय."

ओर्फेलिना खाली वाकली. बॅग तिने जमिनीवर ठेवली होती. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"अहो, पोहता येत नाही, आणि भीती नाही वाटली?"

"वाटली ना," बेलार्मिनो दात वाजवत म्हणाला. "आणखी एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"मीठ कमी असतं. चार वर्षं झाली, कमी असतं."

बोट तिच्याशिवाय गेली.