निम्म्या मापाची टाकी

डॉक्टरांनी उज्वलाचा उजवा हात मनगटापासून कापून टाकला. त्याच्या चौथ्या दिवशी तिचा नवरा भुजंग नांदेडच्या दवाखान्यातून उठला, देगलूरला आला आणि घरी न जाता सरळ महांतेशअण्णाच्या चिकन शेडवर गेला. कोंबड्या तिथंच वाढवायच्या, तिथंच कापायच्या; नवरा-बायको दोघंही तिथलेच कामगार. तो सोललेल्या कोंबड्या क्लोरीनच्या टाकीत बुचकळायचा, ती त्यांचे तुकडे करायची. सुरी लागून बोट चिरलं, एवढंसंच. पंधरा दिवसांत हात काळा पडला. पाच तऱ्हेची इंजेक्शनं झाली. जंतूंनी एकालाही भीक घातली नाही.

भुजंगनं अण्णाची गचांडी धरली अन् तोंडावर ठोसा हाणला. दुसऱ्या ठोशाला नाक फुटलं, तिसऱ्याला अण्णा पिसांच्या ढिगात उताणा पडला. भुजंग त्याच्या छातीवर बसून बडवत राहिला. खरं सांगायचं तर अण्णा मार खाण्याच्याच लायकीचा होता.

"कोंबड्यांला रोज पाण्यातून माणसाची जंतू मारायची दवा पाजलास! डाक्टर म्हनला, जंतू त्यानंच माजले, आता कोन्त्याच दवेला मरंनात!"

"हाव, पाजलो," अण्णा रक्त थुंकत म्हणाला. "पन टाकीत क्लोरीन निम्मं कोन टाकून राहिला होता? तपासायची पट्टी रोज फिक्की. दोनदा हटकलो तुला. पुरं टाकला असतास तर जंतू तिच्या सुरीपोतर आले असते का?"

भुजंगची मूठ वरच राहिली. क्लोरीनच्या वाफेनं उज्वलाचे डोळे सुजायचे, खोकून खोकून तिचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून या शहाण्यानं आठ महिने निम्मंच माप ओतलं. तिला सांगितलंही नाही. आपण बायकोला किती जपतो, या खुशीत राहिला. असल्या जपण्याला आग लागो!

तो तसाच नांदेडला परतला. उज्वला खाटेवर बसली होती. त्याच्या शर्टावरचं रक्त बघून तिचा चेहरा उजळला.

"हानलाव त्याला?"

"हाव." तो खाली फरशीवर बसला. "उज्वले, टाकीत निम्मं क्लोरीन मीच टाकत होतो. तुझे डोळे जळायचे म्हनून."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत लगावली. पुन्हा लगावली. सलाईनची सुई निसटली, रक्त चादरीवर उडालं, नर्स धावत आली, तरी ती मारतच राहिली. भुजंगनं तोंड फिरवलं नाही.

"मला इचारायचं तरी होतं," ती हुंदके देत म्हणाली. "डोळे जाळून घेतले असते मी."