हाल्वोरचा टॉर्च ठरेना

नोव्हेंबरात गेलेला सूर्य पार उत्तरेकडच्या स्कार्वोया बेटावर जानेवारी संपत आल्याशिवाय तोंड दाखवत नाही. त्या मधल्या दिवसांत इथली माणसं एकमेकांना चेहऱ्याने नाही, उजेडाने ओळखतात. डोक्याला झगझगीत दिवा बांधून तरातरा येते ती सिग्रून, दुकानवाली. जमिनीलगत हेलकावे खात येणारा पिवळा उजेड म्हणजे म्हातारा एल्लिंग. तो मध्येच थांबला की समजायचं, म्हातारा दम खातोय आणि बर्फाला शिव्या घालतोय. लांबूनच हात करायचा आणि नाव घेऊन हाक मारायची. आमची त्यात कधी चूक होत नाही, निदान तसा आमचा समज होता.

हाल्वोरचा उजेड तर लहान पोरंही ओळखायची. वडिलांच्या वेळचा हातभर लांब टॉर्च, चालता चालता विझायचा, मांडीवर आपटला की पुन्हा लागायचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला बोट बांधताना तो धक्क्यावरून समुद्रात पडला. जन्मभर विझविझणारा तो टॉर्च तळाला जाईपर्यंत मात्र एकसारखा लागून राहिला. हे हाल्वोर भेटेल त्याला सांगायचा.

तेव्हा नवा घेणं आलं. खिशात मावेल, रोज जवळ बाळगता येईल असा छोटासा. आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल, कारण तुम्ही हाल्वोरला ओळखत नाही. फेरीबोटीच्या इंजिनावर हयात घालवलेला माणूस; भर वादळात इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे डोळे मिटून सांगेल. पण स्वतःसाठी काही निवडायचं म्हटलं की त्याचं घोडं पेंड खातं. कॉफीची किटली निवडायला त्याने इतका वेळ लावला, की तोवर बायको मुख्य भूमीवर निघून गेली. ती किटलीपायी गेली असं कोणी म्हणत नाही. नाही असंही कोणी म्हणत नाही.

आणि यंदा नुसत्या टॉर्चचा प्रश्न नव्हता. सूर्य परत येतो त्या दिवशी सगळं गाव मागच्या टेकडीवर चढतं. जे दोघं जोडीने चढतात त्यांना पुढे कोणी काही विचारत नाही, सगळे काय ते धरून चालतात. हाल्वोरला गुन्वोरसोबत चढायचं होतं. गुन्वोर टेकडीच्या पायथ्याशी एकटी राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि हसली की सगळं अंग हलवून हसायची. तिला विचारायचं हाल्वोर मागच्या हिवाळ्यापासून घोकत होता. या वेळी त्याने मनाशी पक्कं केलं: टॉर्च ठरला की विचारायचं. असं पक्कं केल्यावर टॉर्च कसला ठरतोय.

तो टपालाने मागवायचा, वापरून बघायचा, परत पाठवायचा. पहिल्याचा पांढरा उजेड असा, की समोरच्या बेटावरची मेंढरं उठून उभी राहिली. शिवाय खिशात चुकून लागला तेव्हा मांडी भाजली. दुसऱ्याचं बटण हातमोज्यातून सापडायचं नाही, आणि सापडलं की तो लुकलुकायला लागायचा तो थांबायचाच नाही. तिसऱ्यात डोळ्यांना सुखाचा म्हणून तांबडा उजेड होता. त्यात डोळ्यांना इतकं सुख, की समोरचं काही दिसत नसे.

तपासायची वाट ठरलेली: आपल्या दारापासून गुन्वोरच्या फाटकापर्यंत. चढ आहे, ओढा आहे, बर्फ आहे, टॉर्चची परीक्षा चांगली होते, असं तो स्वतःला सांगायचा. कधी आत जाऊन कॉफी प्यायचा, बरेचदा फाटकापासूनच माघारी फिरायचा.

टपाल सिग्रूनच्या दुकानात यायचं. छोटे, जड खोके हाल्वोरच्या नावाने येतात आणि आठवड्याभरात परत जातात, हे तिने बघितलं आणि ओळखलं, की याला ऐकू येईनासं झालंय आणि कानातली यंत्रं याच्या कानात बसत नाहीत. बिचाऱ्याला लाज वाटू नये म्हणून तिने कोणाला विचारलं नाही. गावभर सांगितलं मात्र. तेव्हापासून हाल्वोर दिसला की लोक त्याच्याशी ओरडून बोलायचे, आणि हल्ली सगळे असे चिडलेले का असतात, हे त्याला कळायचं नाही.

असाच एकदा तो तांबडा परत करायला दुकानात गेला.

"काय रे हाल्वोर!" सिग्रूनने गल्ल्यावरून आवाज चढवला. "बाहेर पडतच नाहीस हल्ली! तुझा उजेड कित्येक दिवसांत दिसला नाही!"

"असतो की मी बाहेर," हाल्वोर म्हणाला.

"बिचारा," ती एल्लिंगला म्हणाली, आणि पुन्हा ओरडली, "बाकीचे लई हिंडतायत बघ! गुन्वोरच्या वाटेवर नुसती वर्दळ आहे!"

"कसली वर्दळ?"

एल्लिंगने खुर्ची त्याच्या कानाजवळ ओढली. "अरे, बाप्ये येतायत तिच्याकडे. एक दिपवणारा पांढरा उजेडवाला आहे. मग एक लुकलुक्या. आणि आता तो तांबडा. तो तर फाटकापर्यंत जातो आणि परत फिरतो, धीरच होत नाही भित्र्याला."

"आपल्यातले नाहीत," सिग्रून म्हणाली. "समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर नवे कामगार आलेत ना, त्यातलेच असणार. सूर्याच्या दिवशी ती कोणाला घेऊन चढते ते बघायचं आता."

हाल्वोरने ते सगळं खरं मानलं. आपला उजेड लांबून कसा दिसतो हे कोणाला ठाऊक असतं? त्याला तर टॉर्चच्या या बाजूचंच माहीत. परत करायचं पार्सल तसंच काखेत धरून तो बाहेर पडला. तीन तीन माणसं, आणि आपण इथे बटण मागे हवं की बाजूला याचा विचार करत बसलोय. त्याला रडूच येऊ लागलं होतं, पण गालावर पाणी गोठतं म्हणून त्याने ते आवरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर, काळ्याकुट्ट अंधारात, तो गुन्वोरच्या लाकडांच्या ढिगामागे जाऊन उभा राहिला. आज तिघांपैकी एकाला तरी धरायचाच. तो उभा राहिला, गारठला, पाय आपटले, पुन्हा उभा राहिला. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि गुन्वोर टोपली घेऊन लाकडं न्यायला आली. तिच्या दिव्याचा उजेड सरळ त्याच्या तोंडावर पडला.

"हाल्वोर," ती म्हणाली, "तुला लाकडं हवी आहेत का?"

"तुझ्याकडे कोण कोण येतं ते बघायला आलोय."

"अंधारात?"

"दिवा लावला असता तर ते आले नसते." मग त्याचा बांध फुटला. "तो पांढऱ्या उजेडवाला, तो लुकलुक्या, तो तांबडा. सगळं गाव बोलतंय. मी कोण म्हणा विचारणारा, मी आपला शेजारी. पण वाईट वाटलं मला, गुन्वोर. फार वाईट वाटलं."

गुन्वोरने त्याच्याकडे नीट बघितलं. हा थट्टा करत नाहीये हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने टोपली खाली ठेवली.

"येतात खरे," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघते ना. माझं फाटक ओढून उघडायचं असतं, ठाऊक आहे तुला?"

"असं का?"

"तो पांढरावाला आला, त्याने ढकललं. धडकला. आणि फाटकालाच म्हणाला, माफ कर हं. मग लुकलुक्या आला. त्यानेही ढकललं, तोही धडकला, तोही म्हणाला माफ कर हं. तांबड्याचं तर डोकं आपटलं. तरी माफी त्यानेच मागितली."

"तिघंही ठारच मूर्ख दिसतात," हाल्वोर म्हणाला.

"दिसतात खरे."

हाल्वोरला जरा बरं वाटलं. त्याने टोपी मागे सरकवून कपाळ चोळलं. तिथे मागच्या आठवड्यापासून टेंगूळ होतं. त्याचा हात टेंगळावरच थांबला.

मग तो खिसे चाचपू लागला. पांढरा केव्हाच परत गेला होता. लुकलुक्या निघाला. दुसऱ्या खिशातून परत करायचा राहिलेला तांबडा निघाला. आतल्या खिशातून कालच आलेला, अजून न तपासलेला एक निघाला. ते सगळे त्याने लाकडांवर ओळीने मांडले. गुन्वोर आता सगळं अंग हलवून हसत होती, इतकी, की तिच्या डोक्यावरचा दिवा आभाळभर फिरत होता.

"टॉर्च ठरला की तुला एक विचारणार होतो," तो म्हणाला.

"आणि ठरणार कधी?"

"याचं बटण मागे आहे, आणि त्याचं बाजूला. तसं बघायला गेलं तर—"

"हाल्वोर, सूर्य बघायला चढायचं तर टॉर्च कशाला लागतो रे?"

हाल्वोरने लुकलुक्या उचलून पुन्हा खाली ठेवला. "उतरताना लागतो," तो म्हणाला.

"उतरताना माझा आहे की."

सूर्याच्या दिवशी गाव टेकडीवर गेलं, समुद्राच्या कडेला तो लालभडक तुकडा वर आला तसाच बुडाला, आणि सगळे खाली येऊन दुकानासमोर जॅम भरलेले बन खात उभे राहिले. हाल्वोर आणि गुन्वोर मात्र वरच थर्मासमधली कॉफी पीत बसले. ते उतरले तेव्हा चांगलंच अंधारून आलं होतं.

ते दुकानाजवळ पोचल्यावर सिग्रून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. हातातला बन हातातच राहिला.

"आम्हाला वाटलं गुन्वोर एकटीच येतेय," एल्लिंग म्हणाला. "उजेड एकच होता."

"शिवाय फार हळू येत होता," सिग्रून म्हणाली, आणि मग भानावर येऊन हाल्वोरच्या कानाशी ओरडली, "अभिनंदन रे!"

"ऐकू येतं मला," हाल्वोर म्हणाला.

त्याने बन घ्यायला हातमोजा काढून खिशात कोंबला, तेव्हा तो आत जाईना. खिशात तीन टॉर्च होते. अख्ख्या उतारावर त्यातला एकही लावायचं त्याला सुचलं नव्हतं.