युडोरा मीडची तिसरी फेरी

"हे असंच्या असं बोलायचं, मावशी. एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही," कॉर्डेल म्हणाला आणि त्याने तीन छापील कागद व्हॅनच्या खिडकीतून युडोराच्या मांडीवर ठेवले.

युडोरा मीडने चष्मा लावला. पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत 'जमीन' असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'पाणी' आणि तिसऱ्यावर 'आकाश'. मागे अकरा पाहुणे टोप्या सारख्या करत बसले होते. सकाळीच ते लिटल बेच्या धक्क्यावर एका पांढऱ्या जहाजातून उतरले होते आणि पाच वाजता परत जाणार होते. तेवढ्या वेळात त्यांना कॅरिबियन समुद्रातलं हे माँटसेराट बेट दाखवायचं होतं. आधी व्हॅनमधून, मग बोटीतून, शेवटी हेलिकॉप्टरमधून.

"अठरा वर्षं मी लोकांना हे बेट दाखवते आहे. आता कागद कशाला?"

"तुम्ही फार सांगत बसता. कोणाचं दुकान कुठे होतं, कोणाची शेळी कोणाच्या बागेत शिरायची. लोकांना थरार हवा असतो, मावशी."

"शेळी तुझ्या बागेत शिरली नाही कधी, म्हणून तुला त्यात थरार दिसत नाही."

मागची एक बाई हसली. कॉर्डेल हसला नाही.

कॉर्डेल वीक्सला युडोरा तो लंगोटात होता तेव्हापासून ओळखत होती. ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याची आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली आणि दोन वर्षांपूर्वी तो एकटाच परत आला, डोक्यात हजार बेत घेऊन. त्याने बोट आणली, अँटिग्वाहून हेलिकॉप्टर मागवायची सोय केली, आणि बेटावरची सगळ्यांत चांगली वाटाडी म्हणून युडोराला कामावर घेतलं. पोरगा कष्टाळू होता, हे ती कोणालाही सांगायची. हेलिकॉप्टरची फेरी मात्र आज पहिल्यांदाच होणार होती. युडोरा आयुष्यात कधी हवेत गेली नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी जावं लागणार म्हणून तिने सकाळी काही खाल्लंही नव्हतं, नुसता पाल्याचा चहा घेतला होता.

जमिनीची फेरी नेहमीसारखी झाली. गॅरिबाल्डी टेकडीवर व्हॅन थांबवून तिने पाहुण्यांना खाली उतरवलं. समोर बेटाची जुनी राजधानी प्लिमथ होती, म्हणजे प्लिमथचं जे काही राखेवर उरलं होतं ते. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या, एक घंटाघर गळ्यापर्यंत बुडालेलं. युडोराने कागद दप्तरात घातला आणि स्वतःचंच सांगितलं. शाळेचे गणवेश शिवायचं दुकान कुठे होतं, ज्यात ती बावीस वर्षं मशीन चालवत होती. शनिवारी बाजारात कुठल्या कोपऱ्यावर बकऱ्याचा रस्सा मिळायचा आणि तो विकणारी बाई उधार मागणाऱ्याला कशी पळीने हाकलायची.

मग तिने हात लांब केला. "ते पांढरं घर दिसतं? त्याच्यामागे डोंगराच्या अंगाला घड्या पडल्यात, त्यांतली तिसरी मोजा. तिथे माझ्या नवऱ्याचं शेत होतं."

"होतं?" एका म्हाताऱ्या बाईने विचारलं. ती कॅनडाची निवृत्त शिक्षिका होती आणि सकाळपासून वहीत टिपून घेत होती.

"होतं. तोही होता."

धक्क्यावर परतल्यावर, बोटीत चढण्याआधी पाहुणे पाणी पीत असताना, युडोराने दुसरा कागद वाचला. वाचून तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग ती थेट कॉर्डेलजवळ गेली.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. का?"

"'शास्त्रज्ञांनी बजावूनही काही हट्टी शेतकरी भाजीच्या लोभापायी बंदी भागात परतले आणि स्वतःच भाजून निघाले.' इथे कंसात लिहिलंय, 'थांबा, लोक हसतील.'"

कॉर्डेलने मान खाजवली. "मावशी, तुम्हाला लागेल हे माझ्या लक्षात आलं नाही. पण कोणाचं नाव घेतलेलं नाही. आणि बजावलं होतं हे तर खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग?"

"मग मी हे बोलणार नाही."

"तर मी बोलेन," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. ठरवून टाकलेल्या माणसाचा होता. "धंदा माझा आहे."

बोट हिलरॉयची होती असं सगळे म्हणायचे, पण ती कॉर्डेलची होती. हिलरॉय नुसता चालवायचा. पूर्वी तो मासेमारी करायचा आणि त्याला बोलायचा कंटाळा होता. युडोरा चढताना त्याने तिचा हात धरला आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघून म्हणाला, "आज कोणाला बुडवायचं असेल तर आधी सांग. त्या बाजूला खोल आहे."

"बघू," युडोरा म्हणाली.

राखेत बुडालेल्या प्लिमथसमोर बोट थांबली. मोडका धक्का राखेच्या किनाऱ्यात अर्धा गाडलेला होता. डोंगराच्या माथ्यावरून पांढरी वाफ सरळ वर जात होती आणि वाऱ्याबरोबर गंधकाचा वास येत होता. कॉर्डेलने माईक घेतला. तो चांगलं बोलायचा, बोलता बोलता हात हलवायचा, पाहुणे त्याच्याकडेच बघत होते. शेतकऱ्यांच्या वाक्यापाशी येऊन तो थांबला, आणि खरंच दोघंतिघं हसले.

युडोरा उठली. बोट हलत होती, म्हणून ती आधाराला एकेक खांदा धरत पुढे गेली आणि तिने त्याच्यापुढे हात पसरला. एवढ्या लोकांसमोर माईकसाठी झोंबाझोंबी करणं कॉर्डेलला जमलं नाही. त्याने दिला.

"बजावलं होतं," युडोरा म्हणाली. "ते खरं आहे. आता उरलेलं ऐका. डोंगर फुटल्यावर आम्ही उत्तरेला एका चर्चमध्ये राहत होतो. बाकांवर झोपायचो, चाळीस माणसं आणि एक संडास. दोन वर्षं. डबाबंद मासे आणि तांदूळ मिळायचा, तोही रोज नाही. पोरं रडायची. बेटावरची चांगली जमीन सगळी डोंगराच्या पायाशी, बंदी भागात. तिथे पीक उभं होतं. मग काही बाप्ये उजाडायच्या आत जायचे आणि दुपारी पोती घेऊन यायचे. गाजरं, कोबी, रताळी. ते पोलिसांच्या नाक्यावरूनच जायचे आणि त्यांनी आणलेलं पोलिसांची बायकापोरंही खायची. माझा नवरा थिओफिलस मीड त्यांतला एक. जूनमध्ये दुपारी एकच्या सुमारास डोंगर खाली आला. मी चर्चच्या मागे कपडे धूत होते."

हिलरॉयने इंजिन बंद केलं होतं.

"लोभ म्हणायचं असेल तर म्हणा. पण तो कोणाच्या पोटाचा होता तेही सांगा. हा कॉर्डेल. आमच्या शेजारच्या बाकावर याची आई झोपायची. थिओ गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने आणलेली रताळी तिने उकडली. हा तीन खाऊन चौथ्यासाठी रडत होता. मी माझं दिलं."

तिने माईक कॉर्डेलच्या हातात परत ठेवला आणि जागेवर येऊन बसली. तिने दप्तर मांडीवर घेतलं.

परतीच्या वाटेवर कॉर्डेल बोटीच्या टोकाला पाठ करून उभा राहिला. धक्क्यावर पाहुणे उतरून गेल्यावर मात्र तो तिच्यासमोर आला. डोळे लाल झाले होते. रागाने की कशाने, ते युडोराला कळलं नाही आणि तिने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

"तुम्ही माझी इभ्रत घालवली. माझ्या बोटीवर, माझ्या पाहुण्यांसमोर."

"तुझी नाही घालवली. त्यांची राखली."

"उद्यापासून येऊ नका."

"नाही येणार."

"आतासुद्धा घरी जा. वरची फेरी मी सांभाळतो."

"आज तीन फेऱ्या ठरल्या होत्या," युडोरा म्हणाली. "दोन झाल्या."

आणि ती धक्क्यामागच्या मैदानात उभ्या हेलिकॉप्टरकडे चालू लागली. पंखा सावकाश फिरत होता, स्कर्ट पायांना गुंडाळत होता. भीती वाटत होती, पण मागे कॉर्डेल उभा आहे हे तिला माहीत होतं आणि तेवढं तिला पुरलं. हेलिकॉप्टरचे जास्तीचे पैसे भरलेले तिघं, कॅनडाची शिक्षिका आणि एक जोडपं, आधीच मागे बसले होते. वैमानिक पिलग्रिम नावाचा, पिकल्या मिशांचा बार्बेडोसचा माणूस होता. त्याने तिच्याकडे बघितलं, दूर उभ्या कॉर्डेलकडे बघितलं, आणि पुढचं दार उघडलं.

"पट्टा घट्ट करा, बाई. पहिल्यांदा का?"

"शेवटचंही असेल."

"तसं माझ्या यंत्रासमोर बोलायचं नसतं," पिलग्रिम गंभीरपणे म्हणाला.

जमीन सुटली तेव्हा युडोराने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खाली हिरवं संपून राखाडी सुरू झालं होतं. कानांवरच्या हेडफोनमध्ये शिक्षिकेचा आवाज आला. "मिसेस मीड, ते शेत इथून कुठे दिसतं?"

युडोराने खाली पाहिलं. टेकडीवरून ती अठरा वर्षं बोटाने जागा दाखवत आली होती, पांढरं घर, मागची तिसरी घडी. वरून त्या घड्या नव्हत्याच. चिखलाचे आणि दगडांचे लोट पंख्यासारखे पसरत समुद्रापर्यंत गेले होते, एकावर एक, आणि पांढरी घरं एक नव्हे, चार होती. इतकी वर्षं तिने कोणती घडी दाखवली होती कोण जाणे.

काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मागच्या तिघांना काय कळणार होतं?

"सापडत नाही," ती म्हणाली.

पिलग्रिमच्या कानात कॉर्डेलचा आवाज येत असावा, कारण तो तुटक उत्तरं देत होता. होय. पाच मिनिटं. होय. युडोराने विचारलं, "आणखी एकदा वळवता येईल?"

त्याने इंधनाच्या काट्याकडे पाहिलं. मग यंत्र एका बाजूला कललं आणि युडोराने हातात येईल ते धरलं. ते त्याचं मनगट होतं.

या खेपेस तिने घरं बघितलीच नाहीत. समुद्रापासून सुरुवात केली. जिथे ओढा समुद्राला मिळायचा ती खाच अजून होती. तिथून वर, थिओबरोबर डोक्यावर रोपं घेऊन चालायची तसं, ती मनात चालत गेली. पूल. चढ. वळण. दगडी बांध. श्वास घ्यायला थांबायची जागा.

"इथे," ती म्हणाली. "पन्नास हात चुकत असेन. पण इथेच."

खाली राखेशिवाय काही नव्हतं. एका कडेला कुठलंसं झुडूप उगवलं होतं. यंत्र क्षणभर तिथल्या तिथे तरंगत राहिलं. शिक्षिकेने वही मिटली आणि जोडप्यातल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कॉर्डेलने युडोराला पुन्हा बोलावलं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. आठवड्याभरात तिने हिलरॉयच्या बहिणीची जुनी टॅक्सी चालवायला घेतली आणि धक्क्यावर कॉर्डेलच्या व्हॅनशेजारीच ती उभी करू लागली. तिच्याकडे बोट नव्हती आणि हेलिकॉप्टर नव्हतं. बकऱ्याच्या रश्शाची गोष्ट मात्र होती, आणि गिऱ्हाईक कमी पडलं नाही. बोटीवर कॉर्डेल आता शेतकऱ्यांचं वाक्य बोलत नाही. त्या जागी तो नुसता थांबतो, असं हिलरॉय सांगतो.

त्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं, पाहुणे वाकून पंख्याखालून निघून गेले, तेव्हा पिलग्रिमने तिला थांबवलं. त्याने दाराच्या खिशातून हवाई नकाशा काढून मांडीवर पसरला. बेटाचा अर्धा भाग लाल रेघांनी आखलेला होता आणि त्यात 'उतरण्यास मनाई' एवढंच छापलं होतं. जिथे ते तरंगले होते तिथे त्याने पेन्सिलीने बारीक टिंब दिलं.

"नाव काय त्या जागेचं?"

युडोराने विचार केला. "मोठं नाव नव्हतं. खालचं शेत म्हणायचो आम्ही. वरचं दुसऱ्याचं होतं."

पिलग्रिमने लिहिलं. पेन्सिल बोथट होती, अक्षरं पुसट आली. युडोराने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली, टोक जिभेवर ओलं केलं आणि प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवून गडद केलं.