बोक्याची निवडक गाणी

"हे नको. बंद कर," बोका म्हणाला.

अल्बमवाल्या मुलीने बटण दाबलं. "काका, हे तुमचं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग आहे."

"तेच तर! कडक इस्त्रीच्या कपड्यांसारखं. घालून धड बसताही येत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची बायको खुदकन हसली. नवी नवरी असताना त्याची गिटार ऐकून तिला भिंतीवर बोके भांडतायत असं वाटलं होतं, आणि हे तिने चारचौघांत बोलून दाखवलं होतं. नाव तेव्हा पडलं ते कायमचं. बोक्याने जन्मभर शहराची बस चालवली आणि सुट्टीच्या दिवशी क्लबांत, कामगारांच्या कॅन्टीनमध्ये रॉक आणि ब्लूज वाजवलं. सिग्नलला बस थांबली की याची बोटं स्टिअरिंगवर नाचायची. दिवा हिरवा होऊन जायचा, मागचे हॉर्नवर हॉर्न द्यायचे, हा आपल्याच तालात! अशा माणसाची इथेतिथे विखुरलेली जुनी रेकॉर्डिंग या मुलीने शोधून काढली होती आणि त्यांतल्या निवडक गाण्यांचा अल्बम काढायचा घाट घातला होता.

"मग पहिलं कुठलं घ्यायचं?" तिने विचारलं.

"कॅन्टीनमधलं."

"अहो, त्यात ताटांचा खणखणाट आहे. आणि ड्रमवाले तुमच्या पुढे पळतायत."

"पळतोय कसला, चौखूर उधळलाय! आणि त्याला गाठायला मी मागे जिवाच्या आकांताने." बोका उठून उभाच राहिला. "पोरी, असं आम्ही आयुष्यात एकदाच वाजवलं. तेच पहिलं."

उधळलेला तो म्हणजे गडगड्या, बोक्याचा जिवाभावाचा दोस्त. पुढे त्याचे कान हळूहळू गेले. गिटार ऐकू येईना, ताल सुटायला लागला. एकदा भर कार्यक्रमात लोक हसले, तेव्हापासून त्याने ड्रमवर चादर टाकली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. बोका भेटायला गेला की गडगड्याची सूनबाई दारातूनच सांगायची, "मामंजी झोपलेत." बोकाही मुकाट्याने परत फिरायचा. दोस्ताला अवघडवायचं कशाला?

पण अल्बम निघाला त्या दिवशी दुपारी बोका रेकॉर्ड, प्लेअर आणि दोन स्पीकर घेऊन गडगड्याच्या दारात उभा राहिला. मागे बायको, वायरींचं भेंडोळं छातीशी धरून.

"मामंजी झोपलेत," सूनबाई म्हणाली.

"उठव. आज मी हलत नाही."

गडगड्या बाहेर आला तोच ओरडत. "बहिऱ्याला गाण्याचं आमंत्रण! उद्या टकल्याला कंगवा दे!"

बोक्याने वायरी जोडल्या. रेकॉर्ड लावली, गडगड्याचा पंजा धरला आणि स्पीकरच्या लाकडावर टेकवला. गडगड्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग त्याची तर्जनी हलली. मग मधलं बोट. मग मांडी.

"कॅन्टीन!" तो केवढ्यांदा ओरडला.

बोक्याने मान डोलावली.

"इथे तू घाई केलीस."

"मी?" बोका ओठ फाकवून एकेक शब्द सुटा बोलला. "लेका, घाई तू केलीस!"

"खोटारडा! जन्माचा खोटारडा!" आणि गडगड्या पोट धरून हसत सुटला. स्वयंपाकघरातून सूनबाई पळत आली आणि बघतच राहिली. सासऱ्यांना हसता येतं, हे तिला आजच कळत होतं.

"संध्याकाळी अल्बमचा कार्यक्रम आहे. चल," बोका म्हणाला.

गडगड्याचं हसू मावळलं. "लोक हसतील रे."

"हसू देत. माझी करंगळी वाकत नाही, मला तरी धड कुठे वाजवता येतंय? दोघं मिळून एक वादक होऊ."

"भावजी, चला हो," बोक्याची बायको त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "यांना एकट्याला ऐकायचं म्हणजे शिक्षा आहे."

सभागृह लहानसंच होतं, पण गच्च भरलेलं. निम्मे बोक्याचे जुने प्रवासी आणि कंडक्टर. रंगमंच लाकडी होता. गडगड्याने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पाय फळ्यांवर घट्ट रोवले. चादर काढून घरून आणलेल्या ड्रमवर त्याने पहिली थाप मारली आणि बोक्याने गिटार छेडली.

सूर दोन ठिकाणी निसटले. कुणाला पर्वा होती? कंडक्टर मंडळी उठून नाचायला लागली. अल्बमवाली मुलगी पाहुण्यांचं स्वागत करायचं विसरून टाळ्या पिटत होती. बोक्याची बायको, जिला हे संगीत म्हणजे डोकेदुखी वाटायची, ती शेजारणीला सांगत होती, "आता बघा हं, आता वर जातील." अख्खं सभागृह पायांनी ठेका देत होतं.

गाणं संपलं. बोक्याने शेवटची तार तळव्याने शांत केली.

पण लोकांचे पाय थांबले नव्हते, फळ्या अजून थरथरत होत्या आणि गडगड्या डोळे मिटून, घामाघूम होऊन वाजवतच होता. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. पहिल्या रांगेतून कुणीतरी त्याला थांबा म्हणून हातवारे करायला उठलं.

बोक्याने त्या माणसाकडे पाहून हळूच 'नको' अशी मान हलवली. मग ताठर करंगळी सांभाळत त्याने गाण्याचा पहिला सूर पुन्हा छेडला.