त्रेचाळीस सेकंदांचा खोकला

चार फायली होत्या आणि चारही बरोबर पाच मिनिटं शून्य सेकंदांच्या. राजवर्धन मगदूम यांच्या फाईलमध्ये एक खोकला आणि तीनदा घसा खाकरणं. गुंडू खोत यांच्या फाईलमध्ये चार खोकले, दोनदा नाक ओढणं आणि खुर्चीची एक करकर. चिमणाबाई कुरणे यांनी दोनदा घसा खाकरला होता, बांगड्या पाच वेळा टेबलाला लागल्या होत्या आणि शेवटाकडं नऊ सेकंदांची एक शांतता होती. आण्णा हंचनाळे यांच्या फाईलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

सना शिकलगारनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कागदावर आण्णांच्या नावापुढं शून्य लिहिलं. मग त्या शून्याकडं बघत बसली. ती भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती. प्रयोगात वाचन नेमकं शून्य आलं की आधी उपकरण तपासायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि एकदाही खोकत नाही, हे तिला पटेना. त्यात तो माणूस आण्णा.

आणि मग तिला सोमवार आठवला.

नदीकाठच्या त्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. देशाच्या सार्वजनिक रेडिओच्या या कोल्हापूरच्या केंद्रानं चारही उमेदवारांना पाच-पाच मिनिटं द्यायचं ठरवलं होतं. चिठ्ठ्या टाकून क्रम लागला. प्रत्येकाचं एकदाच ध्वनिमुद्रण, त्यात काटछाट नाही, आणि तसं प्रमाणपत्र प्रत्येक फाईलसोबत. मुद्रण करणाराच त्यावर सही करणार. मुद्रण सनानं केलं होतं. ती केंद्रावर कायम नव्हती, महिन्याला सहा पाळ्या मिळायच्या. चारही प्रमाणपत्रांवर तिनं सही केली होती.

सोमवारी आण्णा माइकसमोर बसले आणि दुसऱ्याच वाक्याला खोकला आला. काचेपलीकडून त्यांनी विचारलं, "थांबू का गं?" सना म्हणाली, "चालू द्या आण्णा, खोकला मी नंतर काढते." आणि तिनं घड्याळ थांबवलं. पुढच्या खोकल्याला पुन्हा थांबवलं. शेतीतले तज्ज्ञ, कीर्तनकार, निवृत्त प्राचार्य, सगळ्यांसाठी ती हेच करायची. पाहुण्याच्या घशाची लाज पाहुण्याला वाटू द्यायची नाही, ही केंद्राची जुनी रीत होती. याला कुणी काटछाट म्हणत नव्हतं, साफसफाई म्हणायचे. बाकी तिघांनी विचारलं नाही, त्यांचे आवाजही दोन-चारच होते. त्यांचं घड्याळ चालूच राहिलं.

तिनं आण्णांची मूळ फाईल उघडली. लांबी पाच मिनिटं त्रेचाळीस सेकंद. काढलेल्या जागा पंचवीस. सतरा खोकल्यांचे बावीस सेकंद, सहा वेळा घसा खाकरण्याचे सहा, दोनदा पाणी पिण्याचे पंधरा. म्हणजे बाकीच्या तिघांना मिळाले नाहीत असे त्रेचाळीस सेकंद आण्णांना मिळाले होते. मूळ फाईलमध्ये पाच मिनिटं उलटल्यावर ते काय बोलले होते तेही तिनं ऐकलं. पुराच्या बांधाचं आश्वासन आणि मत द्या ही विनंती, दोन्ही तेवढ्यातच होतं.

"पिराजीमामा, एक काम चुकलंय," तिनं दारातून हाक मारली.

पिराजी तीस वर्षं केंद्राच्या तांत्रिक विभागात मदतनीस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आण्णाचा खोकला काढलास? अगं, त्यो खोकला म्हंजे आण्णाची सही हाय. गावात आधी खोकला येतोय, मग आण्णा. बिनखोकल्याचं भाषण लावलंस तर लोक म्हणतील, ह्यो कोण दुसराच आणलाय."

"चेष्टा नको मामा. मी लिहून दिलंय, काटछाट नाही म्हणून."

"मग झालं की. लिहून दिलंयस न्हवं? कोण मोजायला बसलंय?"

"मीच बसले होते."

पिराजीनं मान हलवली. "जा मग मॅडमकडं. चहा घेऊन जा, नुसती जाऊ नको."

कार्यक्रम अधिकारी संयोगिता घाटगे यांनी चहा घेतला, कागद वाचला, पुन्हा वाचला. "खोकला म्हणजे मजकूर नव्हे, सना. मजकुराला तू हात लावलेला नाहीस."

"मजकुराला नाही लावला. वेळ जास्त दिला."

"मग बाकीच्या तिघांचंही साफ कर. जेवढे सेकंद वाचतील तेवढे त्यांना बोलावून देऊ."

हे सनाला बरोबर वाटलं. ती परत जाऊन बसली. राजवर्धन यांचे पाच सेकंद निघत होते, गुंडू खोत यांचे आठ. चिमणाबाईंच्या फाईलशी ती अडली. घसा आणि बांगड्या मिळून सहा सेकंद होत होते, पण ती नऊ सेकंदांची शांतता कशात धरायची? बाई पुराचं सांगत होत्या. जनावरं दाव्याला तशीच राहिली, असं म्हणाल्या आणि थांबल्या. पडद्यावरची रेघ तिथं अगदी सपाट होती. तो आवाज नव्हता आणि बोलणंही नव्हतं. मोजायची तर कोणत्या रकान्यात?

तिनं चिमणाबाईंना फोन लावला आणि जे झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं.

"म्हंजे आण्णाला जास्तीचं मिळालं," पलीकडून चिमणाबाई मोठ्यानं म्हणाल्या. मागं म्हशीचं ओरडणं ऐकू येत होतं.

"हो. त्रेचाळीस सेकंद. तुमचेही निघतील, पण त्या शांततेचं विचारायचं होतं. ती काढली तर नऊ सेकंद जास्त बोलता येईल."

"ती कशापायी काढतीस? मी गप्प बसलो ते बी माझंच बोलणं हाय की! तेवढ्यात मला आमची गाय दिसली व्हती." बाईंनी म्हशीला दटावलं. "माझ्या बांगड्या वाजल्या तर वाजू देत. मला पाच मिनिटं सांगितली, मी पाच मिनिटं बोललो. आता जास्तीचं नगं. आण्णाचं जास्तीचं तेवढं काढा."

सना मॅडमकडं परत गेली. कोणता आवाज साफ करायचा आणि कोणता ठेवायचा हे आपण ठरवायला लागलो की तीच काटछाट झाली, असं तिनं सांगितलं. मग उपाय एकच उरत होता. आण्णांची मूळ फाईल घ्यायची, खोकल्यासकट, आणि पाचव्या मिनिटाला बंद करायची.

"म्हणजे बांध गेला आणि मताची विनंतीही गेली," मॅडम म्हणाल्या. "तोंडी मिटण्यासारखं होतं हे. आता निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागेल, आणि त्यात चूक कुणाची हेही येईल."

"माझी लिहा. सही माझी आहे."

"लेखी चूक आली की पाळ्या कमी होतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे मॅडम."

दुपारी तीन वाजता आण्णा हंचनाळे स्वतः आले. निरोप फोनवर गेला होता, पण आण्णांना फोनवर भांडायला आवडत नसे. पांढरी टोपी टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले आणि आधी खोकले.

"पंधरा वर्षं येतोय मी हितं. माझा खोकला काढला न्हाय असं एकदा तरी झालंय का?"

"नाही आण्णा," सना म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही ऊस आणि दुधावर बोलायला यायचा. तेव्हा तुमच्यासमोर कुणी उभं नसायचं."

"काढ म्हणून मी सांगितलं व्हतं?"

"नाही. मीच म्हटलं."

"मग चूक तुजी, आणि खोकला माझा लोकांनी ऐकायचा व्हय?"

"हो."

आण्णांनी संयोगिता मॅडमकडं पाहिलं. "ही लई सरळ बोलतीया. परत मुद्रण करा की. औषध पिऊन येतो. पाच मिनिटांत खोकला न्हाय आला तर प्रश्नच मिटला."

"एकालाच दुसऱ्यांदा देता येत नाही, आण्णा," मॅडम म्हणाल्या.

आण्णा पुन्हा सनाकडं वळले. "शाहूपुरीतला चमन शिकलगार तुजा कोण?"

"अब्बा."

"त्येचं दुकान रस्त्यात जाणार व्हतं. कोण आडवं पडलं व्हतं, इचार त्येला."

"विचारायला नको. मला ठाऊक आहे."

आण्णा काही बोलायला गेले, पण खोकल्यानं गाठलं. सनानं पाण्याचा पेला पुढं केला. सवयीनं तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली आणि मग तिनं ती खाली वळवली. आण्णा पाणी प्यायले, त्यांनी टोपी उचलली. "बगू," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी ती शाहूपुरीत दुकानावर गेली. चमन शिकलगार शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावत होता. बाजूच्या शटरवर आण्णांचं पत्रक चिकटवलेलं होतं, हात जोडलेलं, तोंडभर हसणारं. सनानं सांगितलं तेव्हा त्यानं चाक थांबवलं नाही.

"तूच निकाली, तूच वापस डाली?" त्यानं विचारलं.

"हां अब्बा."

"अन् ये बात आण्णाके मुँहपर बोली?"

"हां."

ठिणग्या उडत राहिल्या. एक कात्री झाली, त्यानं ती जुन्या कापडावर चालवून पाहिली, दुसरी घेतली. "दुकान उनोच बचाए," तो म्हणाला. तीही झाल्यावर त्यानं विचारलं, "कल कितने बजे है?"

"साडेसातला आहे. सात पस्तीसला आण्णा."

"लगाताऊं रेडिओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या महिन्याची यादी फलकावर लागली होती. सना शिकलगार, पाळ्या चार. संयोगिता मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दोन कमी केल्यात. लेखी गेलं की मला ते करावंच लागतं." सना म्हणाली, "हो मॅडम." पिराजी मागं उभा होता. तो चहा आणायला गेला.

आण्णांच्या फाईलचं जुनं प्रमाणपत्र रद्द झालं होतं. सनानं नवं लिहिलं. त्यात जुनं रद्द झाल्याचं कारण लिहिलं, सेकंद लिहिले, तारीख टाकली आणि सही केली.

संध्याकाळी साडेसातला कार्यक्रम सुरू झाला. चिठ्ठीच्या क्रमानं आधी राजवर्धन मगदूम बोलले आणि सात वाजून पस्तीस मिनिटांनी आण्णांचा आवाज लागला. दुसऱ्याच वाक्याला खोकला आला. काचेच्या या बाजूला पिराजी हळूच म्हणाला, "आलं बगा आण्णा." सनाच्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. प्रत्येक खोकल्याला ती एक रेघ ओढत होती, घड्याळ मात्र थांबवत नव्हती. "आणि पुराच्या बांधाचं काम येत्या" इथं आवाज बंद झाला. त्यानंतर गुंडू खोत आणि शेवटी चिमणाबाई, बांगड्यांसकट.

कार्यक्रम संपल्यावर तिनं नोंदवहीत लिहिलं: मगदूम, पाच मिनिटं शून्य सेकंद. हंचनाळे, पाच मिनिटं शून्य सेकंद, खोकले पंधरा, शेवटचं वाक्य अपूर्ण. खोत, पाच मिनिटं शून्य सेकंद. कुरणे, पाच मिनिटं शून्य सेकंद, त्यात शांतता नऊ सेकंद. काटछाट, चारही फायली मिळून, शून्य.